महूची चांदमारी आणि रायफलीची निवड

मध्य प्रदेशातील महू हे नाव आपल्या समाजातील शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. १४ एप्रिल १८९१ रोजी बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म झाला ती ही लष्करी छावणी. २००३ पासून गावाचे सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर झाले, रेल्वे स्थानकावरही तीच पाटी लागली, तरी आपल्या आयाबाया अजून "महूला जायचं" असेच म्हणतात. दरवर्षी जयंतीला भारताच्या कानाकोपऱ्यातून अनुयायी येथे लोटतात, स्मारकाला वंदन करतात, भोजनदानाच्या मंडपात पुरीभाजी घेतात आणि बहुतेक त्याच रात्री परतीची वाट धरतात. या छावणीला आणखी एक अंग आहे, तिकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ते अंग म्हणजे येथील चांदमारी. भारतीय लष्कराची इन्फन्ट्री स्कूल महूला आहे आणि लष्करातील निवडक नेमबाज घडविणारे आर्मी मार्क्समनशिप युनिटही येथेच आहे. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळविणारा विजय कुमार याच चांदमारीवर तयार झाला.

गेल्या जयंतीला आम्ही नाशिकहून टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो. मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट चढून सेंधवा, पुढे खलघाटला नर्मदेचा पूल आणि शेवटी मानपूरचा घाट. आग्रा रोडने सरळ रस्ता आहे. कुटुंबे घेऊन जाणाऱ्यांनी रात्री निघावे, म्हणजे निमाडातले ऊन टळते. आमच्या सोळा जणांत आमच्याच वस्तीतील एक एस.टी. कंडक्टर, त्यांची आई आणि त्यांची अकरावीतील मुलगी अशी तीन माणसे होती. मुलगी एन.सी.सी.त आहे. कॉलेजच्या कॅम्पात पॉइंट टू टू रायफलीवर तिचा नेम इतका चांगला पडला की तिथल्या हवालदारांनी तिला शहरातील एका रायफल क्लबात पाठविले. आता तिच्या डोक्यात एकच, लांब पल्ल्याची, ३०० मीटरची नेमबाजी करायची. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढण्याची तयारी केली होती. एका दुकानदाराने तर सवलतीत म्हणून एक जर्मन एअर रायफल दाखवून ठेवली होती आणि सोमवारी इसारा द्यायचा ठरला होता. त्यांनी आम्हाला गाडीतच विचारले, "दादा, तुम्ही बी.कॉम. आहात, हिशेब कळतो तुम्हाला. सांगा, घ्यावी का नको?"

हिशेब आम्हाला कळतो, रायफल कळत नाही. पण महूला रायफल कळणारी माणसे आहेत एवढे आम्हाला ठाऊक होते. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब आमच्या जुन्या परिचयाचे. सागरच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती झाले, पुढे काही वर्षे इन्फन्ट्री स्कूलमध्ये उस्ताद होते आणि सैन्याच्या ३०० मीटरच्या स्पर्धा खेळलेले. निवृत्तीनंतर त्यांनी महूलाच लहानसे घर बांधले आहे.

१४ तारखेचा दिवस स्मारकातच गेला. ते पांढरे शुभ्र स्मारक ज्या भागात आहे त्याचे नाव काली पलटन. पायाभरणी १९९१ साली, म्हणजे जन्मशताब्दीच्या दिवशी झाली आणि लोकार्पण २००८ च्या जयंतीला. गोरी पलटन वेगळी, काली पलटन वेगळी अशी छावणीची वाटणी होती, ती या नावात राहून गेली आहे. सुभेदार रामजी सकपाळ याच काली पलटनीत लष्करी शाळेत शिकवीत होते. बाबासाहेबांनी पुढे अनेकदा सांगितले की पलटणीतल्या सक्तीच्या शिक्षणाने आपल्या लोकांच्या घरात प्रथम अक्षर आले. बंदूक हाती आली म्हणून पाटी हाती आली. आणि १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद केली तेव्हा बंदुकीबरोबर शाळाही गेली, पेन्शनही गेली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारला विनंतीअर्ज लिहिला तो याच दुःखातून. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी झाली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते हे वाचकांना नव्याने सांगायला नको.

१५ तारखेला सकाळी आम्ही सुभेदारसाहेबांकडे गेलो. लष्करी हद्दीत सर्वसामान्यांना प्रवेश नाही आणि आम्ही तो मागितलाही नाही. पण साहेबांच्या ओसरीवर चहा घेताना लांबून बार ऐकू येत होते, एक एक करून, मध्ये बराच वेळ सोडून. मुलगी कान देऊन ऐकत होती. साहेब म्हणाले, "पोरी, आवाज ऐकू नको, मधली शांतता ऐक. नेमबाज त्या वेळात काम करत असतो."

रायफल म्हणजे काय, इथपासूनच त्यांनी सुरुवात केली. बॅरलच्या आतून पीळ दिलेले आटे असतात, त्यांना इंग्रजीत रायफलिंग म्हणतात. या आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि फिरते म्हणून सरळ जाते. आटे नसतील तर ती नुसती बंदूक, लांबचा नेम तिच्याने होत नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आम्ही थक्क झालो. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम आटे नसलेल्या बंदुका काढल्या. एनफिल्डच्या बॅरलचे भोक मोठे केले, आटे काढून टाकले, अंतराप्रमाणे वरखाली होणारी मागची साइट काढून स्थिर साइट बसविली. गोऱ्या शिपायाची गोळी लांब जावी आणि काळ्या शिपायाची जाऊ नये! पुढे आटे परत आले, पण देशी पलटणींना बहुधा एक पिढी जुनेच हत्यार मिळे. १८८८ नंतर गोऱ्यांच्या हाती लीमेटफर्ड मॅगझिन रायफल येऊ लागली, आपल्या लोकांच्या खांद्यावर एकेक गोळी भरायची मार्टिनी-हेन्री राहिली. रामजीबाबांच्या पिढीने रायफल निवडली नाही, ती त्यांच्यासाठी निवडली गेली. आज कंडक्टरची मुलगी कोणती रायफल घेऊ असे विचारते, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

साहेबांचा पहिला सवाल मुलीला होता, "दहा मीटरवर किती मार्क?" तिने सांगितले. ते म्हणाले, "मग ३०० मीटरची रायफल पाच वर्षं विसर." मुलीचा चेहरा उतरला. त्यांनी समजावून सांगितले ते असे. रायफलीच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तीन अंतरांवर होतात. १० मीटरला साडेचार मिलिमीटरचा छर्रा मारणारी एअर रायफल. ५० मीटरला पॉइंट टू टू. आणि ३०० मीटरला मोठ्या दारूची, आठ मिलिमीटरपर्यंतच्या कॅलिबरची रायफल. ३०० मीटरची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९७२ पर्यंत होती, नंतर काढली. जागतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत ती आहे, पण तशा चांदमाऱ्या आपल्याकडे मुख्यतः लष्कराच्या आणि निमलष्करी दलांच्या. मोठ्या कॅलिबरच्या गोळ्या बाजारात मिळत नाहीत, परवाना लागतो आणि परदेशी रायफल आयात करायची तर विशिष्ट मार्क मिळवून 'नामांकित नेमबाज' ठरावे लागते. म्हणजे ३०० मीटरकडे जाण्याचा रस्ता १० आणि ५० मीटरवरूनच जातो, किंवा मग वर्दीवरून.

"पण अंतर कमी म्हणून काम सोपं नाही," साहेब म्हणाले. १० मीटरच्या टार्गेटवर दहा मार्कांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, बॉलपेनने टेकविलेल्या टिंबाएवढा. ५० मीटरला दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर, ३०० मीटरला दहा सेंटिमीटर. नेमबाज अचूकता मिनिटात मोजतात, घड्याळाच्या नव्हे तर कोनाच्या. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट आणि ३०० मीटरवर त्याचे होतात पावणेनऊ सेंटिमीटर. याचा अर्थ, टेकूवर ठेवलेली रायफल दहाच्या दहा गोळ्या एका मिनिटात टाकत असेल तर ती दहाच्या वर्तुळात बसते. त्याहून महाग रायफल अर्ध्या मिनिटात टाकेल. तो फरक खरा आहे आणि जागतिक पातळीवर तो लागतोही. पण शिकाऊ नेमबाजाचे स्वतःचेच हात पाच मिनिटे हलत असतात, त्याला त्या फरकाचा उपयोग नाही.

रायफल कशी पारखायची, हे त्यांनी फार बारकाईने सांगितले. पहिली परीक्षा पैशांची नाही, नोटेची. बॅरल आणि खालचा दस्ता यांच्यामध्ये कागदी नोट घालून शेवटपर्यंत सरकवून पाहायची. ३०० मीटरच्या आणि बहुतेक चांगल्या स्पर्धा-रायफलींचे बॅरल दस्त्याला टेकता कामा नये. तापल्यावर ते हलते आणि कुठे टेकत असेल तर गोळी भलतीकडे जाते. दुसरे, रायफलीसोबत आलेले कारखान्याचे चाचणी-टार्गेट मागायचे. रायफल पकडीत आवळून मारलेल्या गोळ्यांचा तो पुंजका असतो. असे आवळून मारणे जुने आहे. १८६० साली विम्बल्डनच्या पहिल्या स्पर्धेत राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवर पहिला बार काढला आणि गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली, पण व्हिटवर्थ रायफल आधीच टेकूवर रोखून बसविलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. साहेब हसून म्हणाले, "नेम कारागिराचा, नाव राणीचं. आपल्याला उलटं करायचं आहे."

तिसरे, गोळी. एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या पॉइंट टू टू गोळ्या, पण एका लॉटच्या एखाद्या बॅरलला मानवतात, दुसऱ्या लॉटच्या मानवत नाहीत. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन कारखान्यात जातात, अनेक लॉट मारून पाहतात आणि मानवलेला लॉट वर्षभराचा उचलतात. आपल्याला ते परवडणार नाही, पण निदान दोन-तीन लॉटचे थोडे थोडे डबे मारून पाहावेत आणि लॉट नंबर वहीत लिहावा. चौथे, जुनी रायफल. पॉइंट टू टूचे बॅरल नीट ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते, तेव्हा वापरलेली घ्यायला हरकत नाही. ३०० मीटरच्या रायफलीचे बॅरल मात्र काही हजार गोळ्यांत झिजते, तेव्हा किती गोळ्या मारल्या याची नोंद मागायचीच. एअर रायफलीत हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचायची. साधारण दहा वर्षे झाली की ते सिलिंडर बाद, आणि नवे सिलिंडर स्वस्त नसते. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण 'स्वस्तात मिळते' म्हणून आपले लोक फसतात ते इथेच.

कॅलिबरबद्दलही त्यांचे मत स्पष्ट होते. सैन्यात ते ७.६२ मारत आले, इशापूरची बनावट. पण आज ३०० मीटरवर जगभरचे नेमबाज बहुतेक ६ मिलिमीटरची हलकी गोळी पसंत करतात, कारण धक्का कमी. साठ गोळ्या मारल्यावर खांदा शाबूत राहिला तरच साठावी गोळी पहिलीसारखी जाते. रायफल जड असावी असेही लोकांना वाटते. ३०० मीटरला नियम आठ किलोपर्यंत परवानगी देतो, एअर रायफलीला साडेपाच. पण परवानगी आहे म्हणून शेवटच्या ग्रॅमपर्यंत वजन भरायचे नसते. उभ्याने ती पेलायची आहे.

मग त्यांनी मुलीला उभे केले आणि शिंप्यासारखी टेप काढली. कोपरापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत माप घेतले. मान किती लांब, खांदे किती रुंद हे पाहिले. "दस्ता तुला बसला पाहिजे, तू दस्त्यात बसायचं नाही," असे म्हणत त्यांनी सांगितले की गालाचा पाट आणि मागचा बट दोन्ही वरखाली, मागेपुढे सरकणारे हवेत. डोळा आपोआप साइटच्या मागे आला पाहिजे, मान वाकवून आणायचा नाही. शेवटी त्यांनी तिला दोन्ही हात पुढे करून अंगठे-तर्जन्यांची खिडकी करायला लावली, त्यातून समोरच्या खांबावरचे कुलूप पाहायला सांगितले आणि एकेक डोळा मिटायला लावला. उजव्या डोळ्याने कुलूप दिसेना. डाव्या डोळ्याने दिसले. दोनदा-तीनदा करून पाहिले, तेच.

"पोरीचा धनी डोळा डावा आहे," साहेब म्हणाले. मुलगी आजवर उजव्या खांद्यावरून मारत होती, कारण एन.सी.सी.त सगळेच तसे मारतात आणि रायफली तशाच असतात. दुकानातली जर्मन रायफल अर्थातच उजव्या हाताची. किंमत दोन लाखांच्या पुढे. कंडक्टरसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून दुकानदाराने दिलेले कार्ड काढले, पाहिले आणि परत खिशात ठेवले.

यावर दोन उपाय आहेत. उजव्या खांद्यावरूनच मारून डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची, अनेक चांगले नेमबाज तसे करतात. किंवा डावा खांदा धरायचा. शिकाऊ वयात खांदा बदलणे जमते, पुढे जड जाते. साहेबांचा सल्ला असा, की दोन्ही खांद्यांना चालेल असा दस्ता असलेली क्लबची रायफल घेऊन सहा महिने दोन्ही करून पाहा, टार्गेट ठेवा आणि मग बोला. "सहा महिन्यांनी रायफल तुम्हाला निवडावी लागणार नाही. पोरगी सांगेल कोणती हवी ते."

आम्ही तेथेच कागदावर हिशेब मांडला. पाचशे छर्ऱ्यांचा डबा. रोज शंभर छर्रे, महिन्यात पंचवीस दिवस, म्हणजे अडीच हजार, म्हणजे महिन्याला पाच डबे. वर्षाला साठ. शिवाय क्लबची फी, जाड कॅनव्हासचे जॅकेट, बूट, हातमोजा, स्पर्धेचा प्रवास. रायफल एकदाच घ्यायची असते, छर्रे रोज. कर्जाचा हप्ता चालू असताना छर्ऱ्यांना पैसे उरले नाहीत तर रायफल कपाटात पडून राहणार. वस्तीत अशी लाख मोलाची वस्तू कपाटात पडून राहिलेली आम्ही संगणकाच्या बाबतीत पाहिली आहे.

साध्या एअर रायफलीला बंदुकीचा परवाना लागत नाही, एवढी एक सोय आहे. आणि या खेळात महाराष्ट्र मागे नाही. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन करणारे दादासाहेब मावळंकर मराठीच. अंजली भागवत एन.सी.सी.तून आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टी.सी.ची नोकरी करीत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. एकेकाळी राजेरजवाड्यांचा म्हणून ओळखला जाणारा खेळ असा नोकरदारांच्या घरापर्यंत आला आहे. आपल्या वस्तीपर्यंत तो यायचा आहे.

परतीच्या वाटेवर मानपूरचा घाट उतरताना कंडक्टरसाहेबांच्या मातोश्रींनी जो प्रश्न काढला तो आमच्या हिशेबात नव्हता. त्या रोज वंदना घेतात, उपोसथ पाळतात. म्हणाल्या, "पंचशील घेणाऱ्या घरात बंदूक आणायची का रे बाबा? तथागतानं हत्यारांचा धंदा नको म्हणून सांगितलं ना?" गाडीत सगळे गप्प झाले. आम्ही सांगितले, उपासकाला शस्त्रांचा व्यापार निषिद्ध आहे हे खरे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि इथे तर कोणालाच मारायचे नाही, समोर कागद आहे. श्वास आवरणे, मन एका जागी ठेवणे, हेच या खेळाचे निम्मे काम. आजी थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग कागदाला भोक पाडायचं, एवढंच ना?" मुलगी म्हणाली, "हो आजी." आजींचे पूर्ण समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. "जीवजंतूवर नेम धरलास तर माझ्याशी गाठ आहे," एवढे मात्र त्यांनी बजावले आणि खलघाट येईपर्यंत त्या झोपल्या.

पुढच्या रविवारी जयंती मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. शिल्लक रक्कम पुढच्या वर्षीच्या डी.जे.साठी राखून ठेवावी असा तरुण मंडळींचा आग्रह होता, बराच आवाज झाला. शेवटी ठरले ते असे: रायफल सध्या घ्यायची नाही. वस्तीतील चार मुलामुलींची क्लबची सहा महिन्यांची फी आणि छर्ऱ्यांचे डबे मंडळाच्या शिलकीतून द्यायचे. जॅकेट वापरलेले, दोघांत एक. धनी डोळ्याची परीक्षा प्रत्येकाची आधी करायची. हिशेब आमच्याकडे. डी.जे. निम्म्या आवाजात चालेल, असेही एकाने सुचविले, ते लिहून घेतलेले नाही.

कंडक्टरसाहेबांनी पतपेढीचा अर्ज मागे घेतला. मुलीला आम्ही रेघांची एक दोनशेपानी वही दिली आहे. तिच्या पहिल्या पानावर तारीख, खांदा डावा, छर्ऱ्यांचा लॉट नंबर आणि साठ बारांचे मार्क एवढेच आहे. मार्क सांगण्यासारखे नाहीत, असे तिचे म्हणणे.